मुक्या रोग्यांची भूल

आपल्या भाषेंत 'भूल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भूल म्हणजे चूक. आणि भूल म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास वेदना कळूं नयेत म्हणून औषधानें आणिलेली बेशुद्धि किंवा बधिरता. वैद्यास दुसऱ्या प्रकारची भूल देतांना पहिल्या प्रकारची भूल करून चालत नाहीं. रोगी मनुष्य असेल तर त्याला निदान विचारतां तरी येतें. "दुखतें कोठें? सकाळीं कांहीं खाल्लें आहे का? पूर्वीं कधीं भूल घेतली होती का?" असे चार प्रश्न विचारले कीं काम पुष्कळ सोपें होतें. परंतु रोगी जर बैल, घोडा, मांजर, पोपट किंवा बिबट्या असेल, तर काय करावें? त्याला वाचा नाहीं. शिवाय त्याचें पोट, त्याचा श्वास, त्याचें रक्त हीं सर्वच निराळीं. अशा मुक्या रोग्यांस निर्धोकपणें निजविण्याचें व सुखरूप जागें करण्याचें एक स्वतंत्र शास्त्र आज जगांत वाढलें असून, त्या शास्त्राचे जाणते देशोदेशींहून वेळोवेळीं एकत्र जमतात. ही मंडळी जमतात कशासाठीं, आणि त्यांच्या विचारविनिमयाशीं बाळकुमसारख्या गांवांतील आपणां मुलांमाणसांचा संबंध काय, हें समजावून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

भुलीचें शास्त्र मनुष्याच्या हितासाठीं निघालें खरें. पण त्याच्या पहिल्या कसोट्या जनावरांनीं दिल्या आहेत. इ. स. १८२४ सालीं इंग्लंडांतील हेन्री हिल हिकमन या तरुण डॉक्टरानें प्राण्यांस कार्बन डायऑक्साइड वायूनें बेशुद्ध करून त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, आणि शस्त्रक्रिया वेदनेवांचून होऊं शकते असें प्रसिद्ध केलें. त्या वेळीं त्याच्या म्हणण्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें ता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंत बोस्टन येथील इस्पितळांत विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून एका रोग्यास भूल दिली, आणि शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्र चालविलें. हा दिवस वैद्यकाच्या इतिहासांत संस्मरणीय होऊन बसला आहे. परंतु त्यापूर्वींच मॉर्टननें ती वाफ आपल्या कुत्र्यास देऊन पाहिली होती. १८८४ सालीं व्हिएन्ना शहरीं कार्ल कोलर यानें कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करतां येतो असें दाखविलें; त्याचाहि अनुभव बेडूक, ससा व कुत्रा या प्राण्यांच्या डोळ्यांवर आधीं घेण्यांत आला होता.

आपल्या देशांत या प्रकारचें सर्वांत मोठें कार्य हैदराबाद संस्थानांत झालें. मराठवाड्यांतील मराठी जिल्हे त्या काळीं याच संस्थानांत मोडत असत. १८४७ सालीं एडिंबरो येथें जेम्स सिम्सन यानें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणिलें. तें देण्यास सोपें, पण मधूनच एखादा रोगी त्यानें अकस्मात् दगावे. अशा वेळीं श्वास प्रथम बंद पडतो कीं हृदय, यावर डॉक्टरांत तीव्र मतभेद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचें मत असें कीं, नेहमीं श्वासच प्रथम थांबतो. म्हणून श्वासावर नजर ठेवली कीं भय नाहीं. हा वाद मिटविण्यासाठीं निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयानें १८८८ व १८८९ सालीं दोन कमिशनें बसलीं. दुसऱ्या कमिशनांत लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या वतीनें डॉ. लॉडर ब्रंटन मुद्दाम हैदराबादेस आले. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंनीं या कामांत भाग घेतला; जगांतील अगदीं पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. शेंकडों कुत्र्यांवर, माकडांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग होऊन लॉरीसाहेबांचेंच मत कमिशनानें उचलून धरिलें.

एवढे प्राणी खर्ची पडूनहि निर्णय पुरता खरा ठरला नाहीं. १९११ सालीं इंग्लंडांत गुडमन लेव्ही यानें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल अपुरी व हलकी असतां हृदय एकाएकीं थरथरून बंद पडूं शकतें. या इतिहासापासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक ही कीं, आज आपण इस्पितळांत निश्चिंतपणें डोळे मिटतों त्या सुखाचें ऋण मुक्या प्राण्यांकडे आहे. दुसरी ही कीं, एका ठिकाणच्या विद्वानांनीं कितीहि परिश्रम केले तरी त्यांचें म्हणणें दुसऱ्या ठिकाणच्या विद्वानांनीं तपासून पाहिल्यावांचून ज्ञान पक्कें होत नाहीं.

आतां हें ऋण फिटलें कसें, किंबहुना फिटूं लागलें कसें, तें पाहूं. मनुष्यास भूल मिळूं लागल्यावरहि जनावरांच्या नशिबीं दीर्घकाळ दोर आणि दावेंच राहिलें. बैल पाडावा, चार गड्यांनीं दाबून धरावा, आणि काम उरकावें, हा सर्वत्र परिपाठ होता. आणि कित्येक खेड्यांत खोंड खच्ची करण्याची ती जुनी रीत पुष्कळांनीं पाहिलीहि असेल. इंग्लंडांत १९१९ सालीं जनावरांच्या कांहीं शस्त्रक्रियांत भूल देणें कायद्यानें सक्तीचें झालें. आपल्या देशांत प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला. त्यांत प्रयोगशाळेंतील शस्त्रक्रिया शक्यतों भुलीखालींच व्हाव्यात असें स्पष्ट सांगितलें आहे. मुंबईस परळ येथें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें उभें राहिलेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ लोक 'बैलघोडा हॉस्पिटल' या नांवानेंच ओळखतात. त्याच आवारांत १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. तें आज नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखालीं चालतें. ठाण्याच्या बाजूचे कित्येक पशुवैद्य तेथेंच शिकून तयार झालेले आहेत.

जनावरांस भूल देण्यांत खरी अडचण अशी कीं, 'जनावर' या एका शब्दांत आपण ज्यांना कोंबतों त्यांच्या शरीरांत परस्परांशीं फार थोडें साम्य असतें. गाय घ्या. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत शंभर लिटरांहून अधिक चारापाणी मावतें, आणि तें सदोदित आंबत असून त्यांतून वायु निघत असतो. उभ्या गाईस ढेकर येऊन हा वायु बाहेर पडतो. तिला बेशुद्ध करून कुशीवर निजविलें कीं ढेकर अडते, पोट ढोलासारखें फुगतें, फुप्फुसें दाबलीं जातात. शिवाय पोटांतील द्रव घशाशीं येऊन श्वासनलिकेंत शिरण्याचा धोका असतो. म्हणून कुशल पशुवैद्य शक्य तेव्हां गाईस उभीच ठेवून, कण्याच्या बाजूनें निघणाऱ्या मज्जातंतूंपाशीं बधिर करणारें औषध टोंचतात आणि कूस उघडतात. रस्त्यावरच्या गाईंच्या पोटांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या काढतात त्या बहुधा याच रीतीनें. गाय शुद्धीवर असून शांत उभी असते, आणि तिला शस्त्र कळत नाहीं.

घोड्याची गोष्ट निराळी. पांचशें किलो वजनाचा घोडा एका कुशीवर निजला कीं खालच्या अंगाच्या स्नायूंवर त्याचाच भार पडून रक्त पोंचेनासें होतें. तो जागा होतो तेव्हां तर संकट दुणावतें. कारण घोड्याचा स्वभाव पळण्याचा. अर्धवट गुंगींत तो धडपडून उठतो आणि पाय मोडून घेतो. म्हणून त्याला जागें होण्यासाठीं गाद्या लाविलेल्या भिंतींची खोली लागते. झायलझीन नांवाचें गुंगीचें एक औषध आहे; घोड्याला त्याचें जें प्रमाण लागतें त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शानें गाय आडवी होते. घोड्याचा हिशेब गाईस लाविला तर काय अनर्थ होईल याची कल्पना करावी. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नाहीं. छातीचें हाड पुढेंमागें हालूनच त्यांचा श्वास चालतो. भुलीखालचें पांखरूं सोडाच, जागें पांखरूंहि मुठींत आवळून धरिलें तर गुदमरतें. हत्तीचीं फुप्फुसें छातीच्या भिंतीस चिकटलेलीं असतात. तो भुलींत पोटावर बसून राहिला तर त्यास श्वास घेणें कठीण होतें, म्हणून त्यास लौकर कुशीवर घ्यावें लागतें.

इतके प्रकार आणि इतके अपवाद एका माणसाच्या आयुष्यांत अनुभवास येणें अशक्य आहे. एखादा पशुवैद्य वर्षांतून चार-दोन घोड्यांस भूल देईल. त्यांतला एखादा मेला तर तो दुर्दैवानें मेला कीं पद्धतीच्या दोषानें, हें त्यास एकट्यास कळावें कसें? याच कारणास्तव तज्ज्ञांनीं आपापले अनुभव एकत्र मोजण्यास आरंभ केला. अनेक इस्पितळांतील ४१,००० हून अधिक घोड्यांची नोंद करून २००२ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, भूल दिलेल्या दर १०,००० घोड्यांत सुमारें १९० सात दिवसांच्या आंत दगावतात. ब्रिटनमध्यें ९८,००० कुत्रीं व ७९,००० मांजरें मोजून २००८ सालीं जें प्रसिद्ध झालें त्यांत हें प्रमाण कुत्र्यांत १०,००० मागें १७ व मांजरांत २४ निघालें. त्याच नोंदींतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट हातीं आली. मांजरांचे निम्म्याहून अधिक मृत्यु शस्त्रक्रिया चालू असतां झालेले नव्हते, ती संपल्यावर झालेले होते. आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांतले होते. "झालें एकदांचें" असें म्हणून डॉक्टर जेथें हात धुवावयास जात, तेथेंच धोका दडलेला होता. पुढें अनेक देशांनीं मिळून घोड्यांची मोजदाद पुन्हां केली, तेव्हां २०२१ सालीं पहिले ८,६०० वर घोडे मोजून मृत्यूचें प्रमाण १०,००० मागें सुमारें १०० वर उतरलेलें दिसलें.

अशी मोजदाद व्हावी, नव्या औषधांची परीक्षा व्हावी, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगीं पडावा, याकरितां १९६४ सालीं ब्रिटनमध्यें पशुभूलतज्ज्ञांची संस्था निघाली. अमेरिकेंत १९७५ सालीं व युरोपांत १९९५ सालीं या विषयाच्या उच्च परीक्षा घेणारीं मंडळें स्थापन झालीं. सर्व जगाची पहिली परिषद १९८२ सालीं केंब्रिज येथें भरली, आणि तेव्हांपासून बहुधा तीन-तीन वर्षांच्या अंतरानें ती निरनिराळ्या खंडांत भरत आली आहे. २०१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन येथें, २०१५ सालीं जपानांत क्योटो येथें, २०१८ सालीं इटलींत व्हेनिस येथें. अशा परिषदेंत निबंध वाचले जातात, नवीं यंत्रें दाखविलीं जातात, हातांनीं करून शिकण्याचे वर्ग भरतात. यशाच्या कथा तर सगळेच सांगतात. परंतु जें जनावर वांचलें नाहीं त्याची हकीकत चारचौघांत उघड मांडणें हेंच अशा मेळाव्याचें खरें धैर्य होय. एकाचें अपयश शंभरांस कळलें कीं पुढचे शंभर रोगी सुरक्षित होतात.

या शास्त्रज्ञांपुढें आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सर्वांत नाजूक आहे. जो बोलत नाहीं त्याची वेदना ओळखावी कशी? ससा, घोडा, गाय यांसारखे प्राणी निसर्गतःच आपलें दुखणें लपवितात. कारण रानांत जो लंगडतो तो प्रथम वाघाच्या तोंडीं जातो. जनावर ओरडत नाहीं म्हणजे त्यास दुखत नाहीं, अशी समजूत यामुळेंच रूढ झाली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारतांना असें स्पष्ट केलें कीं, शब्दांनीं सांगणें हा वेदना प्रगट करण्याचा केवळ एक मार्ग आहे. बोलतां न येणाऱ्या मनुष्यास किंवा प्राण्यास वेदना होत नसावी असें त्यावरून ठरत नाहीं. मग तज्ज्ञांनीं चेहरे वाचण्यास आरंभ केला. प्रथम २०१० सालीं उंदरांच्या चेहऱ्यावरील वेदनेचें मापन निघालें, पुढें घोड्यांचें, आणि २०१९ सालीं मांजरांचें. मांजराचे कान कसे आहेत, डोळे किती मिटलेले आहेत, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा कशा आहेत, आणि डोकें खांद्याच्या वर आहे कीं खालीं झुकलें आहे, या पांच गोष्टी पाहून गुण देतात. ज्यांच्या घरीं मांजर आहे त्या मुलांनीं तें सुखांत असतां या पांच खुणा नीट पाहून ठेवाव्या. म्हणजे दुखण्याच्या दिवशीं फरक तत्काळ कळेल. गाईच्या बाबतींत रवंथ थांबणें, दांत खाणें, कळपापासून दूर उभें राहणें या खुणा आपले गुराखी पिढ्यान् पिढ्या ओळखत आले आहेत.

वेदना हरण करण्यांतहि विवेक लागतो, याचें उदाहरण आपल्याच देशानें जगास दिलें. गाईबैलांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध सर्रास देत असत. गुरांस तें मानवे; पण औषध घेतलेलें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें त्यानें निकामी होत. आकाशांत घिरट्या घालणारीं गिधाडें थोड्याच वर्षांत दिसेनाशीं झालीं, आणि कारण कळलें तें २००४ च्या सुमारास. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं या औषधास बंदी झाली. मेलॉक्सिकॅम नांवाचें दुसरें वेदनाशामक गिधाडांस घातक नाहीं असें आढळल्यानें तें वापरावें असें ठरलें. औषधाचा परिणाम एका जनावरावर संपत नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां आपल्या दाराशीं येऊं. बाळकुमच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत, आणि त्यांस लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य. तेथील बिबट्या कधीं कधीं वस्तींत उतरतो. ता. २० फेब्रुवारी २०१९ रोजीं ठाण्यांत कोरम मॉलच्या आवारांत एक बिबट्या शिरला. पुढें तो जवळच्याच एका हॉटेलाच्या आवारांत सांपडला, आणि भुलीचें औषध देऊन त्यास सुखरूप पकडण्यांत आलें. पुष्कळांची अशी कल्पना असते कीं, बंदुकीनें सुई मारली कीं प्राणी तत्क्षणीं कोसळतो. तसें होत नाहीं. औषध स्नायूंतून रक्तांत जाऊन मेंदूपर्यंत पोंचण्यास कांहीं मिनिटें लागतात. अशा कामीं बहुधा दोन औषधें एकत्र देतात. झायलझीननें शरीर सैल व शांत होतें, आणि केटामीननें मेंदूचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. तथापि प्राण्याचे डोळे उघडेच राहतात. म्हणून ते वाळूं नयेत यासाठीं त्यांत मलम घालून वर फडकें बांधतात. प्राणी भेदरलेला असेल, भोंवतीं आरडाओरडा चालला असेल, तर गुंगी उशिरां चढते व अपुरी चढते, आणि वाढीव औषध द्यावें तर त्याचा प्राण धोक्यांत येतो. अशा प्रसंगीं गच्चीवर व रस्त्यावर जमून ओरडणारा जमाव बिबट्याचा, वनरक्षकांचा आणि स्वतःचाहि शत्रु ठरतो. घरांत थांबणें व शांत राहणें हें त्या वेळीं डॉक्टरास केलेलें मोठें साहाय्य होय.

रस्त्यावरच्या कित्येक कुत्र्यांच्या एका कानाला लहानशी खांच दिसते, तीहि मुलांनीं पाहिली असेल. ती कोणाच्या क्रौर्याची खूण नव्हे. त्या कुत्र्याची नसबंदी झाली असून, ती झाली त्या वेळीं भुलीखालींच ही खांच पाडलेली असते, म्हणजे त्यास पुन्हां पकडण्याचें कारण पडूं नये. २००१ सालच्या व पुढें २०२३ सालच्या सरकारी नियमांनीं हें काम चालतें.

पालकांनीं व मुलांनीं ध्यानांत ठेवाव्या अशा कांहीं गोष्टी शेवटीं सांगतों. आपल्या कुत्र्यामांजराची शस्त्रक्रिया ठरली असतां डॉक्टर जितका वेळ उपाशी ठेवण्यास सांगतील तितका वेळ दयेपोटींहि खाऊं घालूं नये; भुलींत उलटी होऊन ती श्वासनलिकेंत गेली तर ती दया प्राणघातक ठरते. घरीं आणल्यावर पहिले कांहीं तास त्यास एकटें सोडूं नये. ऊब द्यावी, श्वास पाहावा, आणि शंका येतांच डॉक्टरास कळवावें. माणसाच्या औषधांतली गोळी जनावरास आपल्या मनानें कधींहि देऊं नये. तापावरची पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते. उरलेलें अन्न प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून रस्त्यावर टाकूं नये. आणि ज्यांच्या घरीं गुरें आहेत त्यांनीं खोंड खच्ची करण्यासाठीं पशुवैद्यासच बोलवावें. भूल मागण्याचा हक्क त्या मुक्या जिवाला नाहीं, तो आपण त्याच्या वतीनें बजावावा.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें परळच्या महाविद्यालयाची वाट धरील, आणि कोणी सांगावें, एखादा दूरदेशींच्या परिषदेंत उभा राहून कोंकणच्या बैलाचा किंवा येऊरच्या बिबट्याचा अनुभव जगास सांगेल. तो दिवस येईल तेव्हां येवो. तोंवर ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन पाहण्याची संवय प्रत्येकास आजपासूनच लावून घेतां येईल.